उंचीला दिवस द्यावे लागतात

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच जमीन नाही. विरळ हवेचे आजार साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतात. म्हणजे गडकोट पालथे घातलेला, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेला पट्टीचा ट्रेकरसुद्धा आपल्या राज्यात राहून या आजारांच्या आसपास गेलेला नसतो. ऊन लागलं, विंचू चावला, पावसात भिजून ताप भरला तर काय करायचं, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक असतं. उंची बाधली तर काय करायचं, हे मात्र कुठल्याच घरात पिढीजात आलेलं नाही. ती वेळ आपल्या आजी-पणजीवर कधी आलीच नाही.

आपल्यावर ती दर मोसमात येते. मे महिन्यात लेहच्या विमानात बसलं की मागच्या-पुढच्या रांगांतून मराठी ऐकू येतं. केदारनाथ, अमरनाथ, स्पिती, सिक्कीममधलं गुरुडोंगमार, कैलास-मानसरोवर इथं आपल्याकडचे गट जातात. त्यांत नोकरदार असतात, निवृत्त शिक्षक असतात, नवीन लग्न झालेली जोडपी असतात, नातवंडांचा हात धरलेले आजी-आजोबा असतात. बहुतेक सगळे सुखरूप परततात. काहींची सहल डोकेदुखीत आणि उलट्यांत जाते. आणि अगदी थोडे, बरेचदा धडधाकट, परतच येत नाहीत.

या थोड्यांचं दुःख असं की त्यातले बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. उंची नुसती उंची म्हणून क्वचितच जीव घेते. तिथं आपण किती वेगानं पोचलो आणि किती उंचीवर झोपलो, यावर सगळं ठरतं. हे ज्ञान नवं नाही. आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी ते आपल्याच सैनिकांच्या खाटांशेजारी उभं राहून मिळवलं आहे. सैन्यानं त्याचा नियम केला. आपण मात्र त्याचं अजून वेळापत्रकसुद्धा केलेलं नाही.

हवेत काय कमी असतं?

जुहूच्या चौपाटीवर हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढाच. कमी होतो तो हवेचा दाब. घरात गोधड्यांची चळत रचलेली असते, तिच्यातली सगळ्यात खालची गोधडी वरच्या वजनानं दबून घट्ट होते आणि वरची सैल राहते. वातावरणाचं तसंच आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. ५,५०० मीटरवर तो जवळजवळ निम्मा होतो, एव्हरेस्टवर एक तृतीयांश. लेह शहर ३,५०० मीटरवर आहे. तिथं प्रत्येक श्वासात मुंबईच्या सुमारे दोन तृतीयांशच ऑक्सिजन आत जातो.

दोष दाबाचा आणि त्यामुळे ऑक्सिजनचा, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७८ साली सप्रयोग मांडलं. त्याआधी तीन वर्षं 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच तरुण आठ हजार मीटरच्याही वर गेले होते. सोबत ऑक्सिजन होता. तरी दोघं मेले. वाचलेल्या तिसांदिएनं पुढे लिहून ठेवलं की त्या क्षणी भीती वाटत नव्हती, उलट एक सुखद बेफिकिरी होती. ऑक्सिजनची नळी तोंडाला लावावी असं मनात आलं, पण हात उचलला गेला नाही.

ही बेफिकिरीच घातक असते. ऑक्सिजन कमी पडला की जीव घुसमटेल आणि आपल्याला कळेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात घुसमट वाटते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. उंचीवर आपण जोरजोरात श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि घुसमटीची ती सूचनाच मंदावते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण हे पाहिलं आहे: सॅच्युरेशन ८० आणि माणूस फोनवर गप्पा मारतोय.

शरीर काय करतं?

मानेतल्या मुख्य रोहिणीला जिथं फाटे फुटतात, तिथं तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका असतो. रक्तातला ऑक्सिजन घटल्याचं पहिल्यांदा त्याला कळतं. तो मेंदूला सांगतो आणि श्वास वाढतो. पण जास्त श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड घटून रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदू श्वासाला लगाम घालू पाहतो. ही ओढाताण मूत्रपिंडं सोडवतात. बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून ती रक्ताचा तोल परत आणतात. या कामाला तास पुरत नाहीत, दिवस लागतात. लेहला गेल्यावर पहिले दोन दिवस सारखं लघवीला होत असेल, तर ते चांगलं लक्षण आहे.

दरम्यान नाडी वाढते. काही तासांत मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त पाझरू लागतं आणि पुढच्या काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. ऑक्सिजन घटल्याचं पेशीला कळतं कसं, ही यंत्रणा उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

लेहची उंची मोठी अडचणीची आहे, त्यामागे रक्ताचा एक गुणधर्म आहे. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० मिलिमीटरपर्यंत उतरला, तरी सॅच्युरेशन ९८ वरून ९० च्या आसपासच येतं. साठाच्या खाली मात्र ते वेगानं कोसळतं. लेहला नुकताच उतरलेला माणूस नेमका त्या साठाच्या आसपास असतो. दिवसा तो सांभाळून नेतो. रात्री झोपेत श्वास मंदावतो, मध्येच काही सेकंद थांबतो, मग दचकून जाग येते. शेजारच्याचा श्वास असा थांबताना ऐकून अनेकांची झोप उडते. हे थांबणं उंचीवर सर्वसाधारण आहे. पण यामुळेच उंचीचे बहुतेक आजार रात्री बळावतात, आणि म्हणूनच दिवसा किती उंच चढलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला जास्त महत्त्व आहे.

दुसरी रात्र

आजार तीन. पहिला साधा, त्याला एएमएस म्हणतात: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, थकवा, चक्कर. विमानातून उतरल्या उतरल्या यातलं काही नसतं. ऊन लख्ख, आकाश निळंभोर, मन प्रसन्न. लक्षणं सहा ते बारा तासांनी येतात. तोवर गट शांतिस्तूप बघून आलेला असतो. आराम केला, आणखी वर गेलो नाही, तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

दुसरा मेंदूला सूज येण्याचा. भारतीय सैन्यात त्याला 'हाको' म्हणतात. माणूस बरळू लागतो, चिडतो, सुस्तावतो आणि त्याची चाल बिघडते. तपासायला यंत्र लागत नाही. जमिनीवर सरळ रेघ धरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा-बारा पावलं चालायला सांगायचं. काल बूट घालून डोंगर चढणारा माणूस इथं तिसऱ्या पावलाला झोकांडी खातो, हात पसरतो, 'दमलोय, झोपू दे' म्हणतो. त्याला झोपू द्यायचं नाही. झोपेतच तो बेशुद्ध होऊ शकतो.

तिसरा, सगळ्यात जास्त बळी घेणारा, फुप्फुसांत पाणी भरण्याचा. सैन्याच्या बोलीत 'हापो'. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. काहींमध्ये त्या फारच आकसतात आणि त्याही सगळीकडे सारख्या नाही. उघड्या राहिलेल्या भागावर दाब वाढतो, केशवाहिन्या झिरपू लागतात. याची ठरलेली वेळ म्हणजे दुसरी रात्र किंवा त्यानंतरचे दोन-तीन दिवस. सुरुवात कोरड्या खोकल्यानं होते आणि घरचे म्हणतात, थंडी बाधली. मग जिना चढताना इतरांपेक्षा जास्त धाप लागते. मग बसल्या जागी धाप लागते. आडवं झालं की जीव कासावीस होतो. ओठ आणि नखं निळसर पडतात. पाठीला कान लावला तर श्वासाबरोबर चरचर ऐकू येते. शेवटी खोकल्यातून गुलाबी फेस येतो. पहिल्या खोकल्यापासून इथपर्यंतचा प्रवास एका रात्रीत होऊ शकतो.

तरुण, धडधाकट माणसाला हे होणार नाही, हा समज साफ चुकीचा आहे. रोज दहा किलोमीटर पळणं, सूर्यनमस्कार, जिम यांनी स्नायू आणि हृदय तयार होतं. उंचीचे आजार त्यानं टळत नाहीत. उलट दमदार माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि दुखतंय हे सांगायला लाजतो. एकदा हापो झालेल्या माणसाला मात्र तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त असते.

सैनिकांनी मोजलेली किंमत

लडाखच्या हवेनं माणसं मरतात हे जुनं आहे. यारकंदचा सुलतान सैद खान लडाखवर स्वारी करून परतताना १५३३ साली वाटेतच मेला. त्याच्या सोबतच्या मिर्झा हैदर दुघलातनं 'तारीख-इ-रशीदी'त या 'दमगिरी'चं वर्णन केलं: धाप लागते, शुद्ध हरपते, आणि हे परक्यांना होतं, तिथल्या रहिवाशांना नाही.

आधुनिक वैद्यकाला मात्र हे उशिरा कळलं. चिलीतल्या एका उंच खाणीवरचा डॉक्टर टी. एच. रेव्हनहिल यानं १९१३ मध्ये या आजाराचे साधा, हृदयाचा आणि मज्जासंस्थेचा असे तीन प्रकार लिहिले होते. ते विस्मरणात गेलं. पुढची कित्येक वर्षं उंचीवर फुप्फुसात पाणी होऊन मेलेल्यांच्या नावापुढे न्यूमोनिया लिहिलं जात राहिलं. १९६० साली अमेरिकेच्या चार्ल्स हाउस्टन यांनी एका प्रसिद्ध नियतकालिकात हा न्यूमोनिया नसल्याचं मांडलं.

दोन वर्षांनी चीनशी युद्ध झालं. मैदानी भागातल्या तुकड्या विमानांनी आणि ट्रकांनी थेट उंच सीमेवर पोचवल्या गेल्या. जुळवून घ्यायला दिवस नव्हतेच. शत्रूची गोळी न लागताही जवान खाटेवर पडू लागले. सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या नोंदी ठेवल्या. १९६५ साली 'लॅन्सेट'मध्ये हापोवरचा आणि १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १,९२५ सैनिकांच्या अनुभवावरचा असे त्यांचे निबंध आले. उंचीच्या वैद्यकावर जगात कुठंही लिहायचं झालं तर आजही या निबंधांपाशी यावं लागतं. त्या १,९२५ जणांची नावं कोणाला माहीत नाहीत. पण लेहच्या हॉटेलात आज कोणी 'दोन दिवस आराम करा' म्हणतो, तेव्हा त्यामागे त्यांचे श्वास आहेत.

यातून सैन्यानं शिस्त बसवली. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० वर चार दिवस, त्याच्या वर आणखी चार दिवस. जवान कितीही काटक असो, जनरल असो, यातून सूट नाही. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले डॉक्टर या उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत. १९८४ पासून सियाचीनवर सैन्य आहे आणि तिथं गोळीपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवा यांनीच जास्त बळी घेतले. ५,८०० मीटरच्या वर दीर्घ काळ राहिलेल्या काही जवानांच्या हृदयाची उजवी बाजू थकून अंगावर सूज येते आणि खाली आणल्यावर ती उतरते, हेही भारतीय डॉक्टरांनीच १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवलं.

आता कोणी म्हणेल, लडाखी माणसं तिथंच तर राहतात. त्यामागे हजारो वर्षांची निवड आहे. त्यांच्याशी नातं असलेल्या तिबेटी लोकांमध्ये 'ईपास-१' या जनुकाचं एक वेगळं रूप मोठ्या प्रमाणात असल्याचं २०१० मध्ये दिसलं. त्यामुळे त्यांचं रक्त उंचीवरही फार दाट होत नाही. हे रूप डेनिसोव्हन या नामशेष मानवाकडून आल्याचं २०१४ मध्ये पुढे आलं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमध्ये शरीरानं दुसरा मार्ग धरला, तांबड्या पेशी वाढवण्याचा. तिथं काहींचं रक्त इतकं दाट होतं की तोच आजार ठरतो. पेरूच्या कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. आठवड्याच्या सहलीत यातलं काहीही आपल्याला मिळणार नाही. आपल्या हाती फक्त मूत्रपिंडं आणि दिवस आहेत.

पुरचुंडीतला कापूर

मराठी गटात लडाखची तयारी म्हटली की सुती रुमालात भीमसेनी कापूर बांधला जातो. बसमध्ये घाट लागला की मागून आवाज येतो, 'काका, कापूर हुंगा, बरं वाटेल.' आणि बरं वाटतंही. कापरानं नाकातल्या थंडाव्याच्या संवेदना चाळवतात आणि हवा मोकळी आत जातेय असा भास होतो. नाकातून जाणाऱ्या हवेत फरक पडत नाही आणि रक्तातला ऑक्सिजन तर मुळीच वाढत नाही. हुंगायला हरकत नाही, पण त्या भासावर विसंबून पुढचा घाट चढायला हरकत आहे. कापूर मुलांच्या तोंडात जाणार नाही हेही पाहावं, तो पोटात गेला तर विषारी असतो. होमिओपॅथीच्या गोड गोळ्यांतली 'कोका' उंचीचा आजार टाळते याला भरवशाचा पुरावा नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. माणसाला गाडीपर्यंत नेण्यापुरता तो ठीक, त्याच्या जोरावर रात्र काढायला नाही.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, हे खरोखर उपयोगी औषध आहे. मूत्रपिंडांना जे काम करायला दिवस लागतात ते त्यानं लवकर होतं. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. खरं तर न विचारता कोणीच घेऊ नये. हाकोत डेक्सामेथासोन आणि हापोत निफेडिपिन देतात, पण तो खाली नेईपर्यंतचा आधार आहे. दारू आणि झोपेच्या गोळ्या रात्रीचा श्वास आणखी मंदावतात. पहिल्या दिवसांत दोन्ही वर्ज्य.

घरोघरी उरलेला ऑक्सिमीटर सोबत न्यावा, पण त्याचा आकडा समजून घ्यावा. लेहला पहिल्या दिवशी ठणठणीत माणसाचंही सॅच्युरेशन ८५ ते ९२ दाखवू शकतं. करोनातला ९४ चा आकडा इथं लावून घाबरू नये. गार बोटांवर यंत्र चुकतं, म्हणून हात चोळून, शांत बसून बघावं. सोबतच्या सगळ्यांपेक्षा एकाचा आकडा बराच खाली आहे आणि त्याला धापही लागतेय, तर वेळ घालवू नये.

हृदयरोग, दमा, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण यांत डॉक्टरांना विचारायचं हे लोकांना माहीत असतं. महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न विचारायला हवा. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. हा आजार असलेल्यांनी या उंचीवर जाऊच नये. जे नुसते वाहक आहेत आणि एरवी निरोगी असतात, त्यांच्यातही काहींच्या प्लीहेचा, म्हणजे पाणथरीचा, रक्तपुरवठा उंचीवर तुटतो आणि डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होतात. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. जाण्याआधी करून घ्यावी.

वेळापत्रक

आता सहलीचा कागद समोर घ्या. रात्री समुद्रसपाटीवर जेवलेला माणूस दिल्लीमार्गे सकाळी लेहच्या विमानतळावर उतरतो, ३,२५६ मीटरवर, कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. लडाखचं प्रशासन किमान ४८ तास आराम करा असं सांगतं. अनेक कार्यक्रमपत्रिकांत दुसऱ्या सकाळीच गाडी दारात उभी असते.

३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा जगभर मान्य झालेला नियम. तो लावून बघा. श्रीनगर १,५८५, कारगिल २,६७६, मग लेह: रस्त्यानं गेलं की चढण बरीच टप्प्याटप्प्यानं होते. मनालीहून निघून पहिली रात्र सरचूला काढली, तर २,०५० वरून एकदम सुमारे ४,३०० मीटर. ही फार वाईट उडी आहे. जिस्पाला थांबणं शहाणपणाचं. खारदुंग ला ५,३५९ मीटर आहे, पण पलीकडे नुब्रात झोपायची उंची लेहपेक्षाही कमी, सुमारे ३,१०० मीटर. म्हणून खिंडीत फोटो काढून, न धावता, लवकर उतरलं तर नुब्रा आधी करणं बरं. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर आहे. तिथली तंबूतली रात्र सुंदर असते, पण ती सहलीच्या शेवटी यावी. आणि केदारनाथला हेलिकॉप्टर काही मिनिटांत ३,५८३ मीटरवर उतरवतं. वयस्क यात्रेकरूंनी दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावं.

आयोजकांची अडचण मी समजू शकते. रिकामा दिवस विकला जात नाही. सहा रात्रींत आठ ठिकाणं दाखवणारा कागद ग्राहकाला स्वस्त वाटतो. तो कागद आपणच निवडतो, म्हणून तो बदलायची ताकदही आपल्याकडेच आहे. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. लेहला पहिले दोन दिवस पूर्ण मोकळे आहेत का? गाडीत पुरेसा ऑक्सिजन सिलिंडर आणि तो लावता येणारा माणूस आहे का? एकाला त्रास झाला तर बाकीचा गट न थांबवता त्याला खाली न्यायला वेगळी गाडी मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा आयोजक शोधा.

आणि तिथं पोचल्यावर एवढं पक्कं धरा. उंचीवर डोकं दुखलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजायचा. लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. लक्षणं वाढली, चाल बिघडली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री खाली उतरायचं किंवा दवाखाना गाठायचा. आजाऱ्याला एकटं पाठवायचं नाही. हजार मीटर खाली आणि वेळेवर आणलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो.